कुलधरा आणि वाळवंटात सोडून दिलेली गावं: फोटो काढायला जावं तर कसं?

रंकाळाकाठ | १४ नोव्हेंबर, रात्री १०:०५

नमस्कार मंडळी.

जानेवारीत आम्ही चौघं मित्र कोल्हापूरहून जैसलमेरला निघालोय. तिकिटं काढून झाली. बाकीच्या तिघांना किल्ला, पटवांच्या हवेल्या आणि सम गावाजवळच्या वाळूत उंटावर बसायचंय. माझा जीव मात्र कुलधऱ्यात अडकलाय. जैसलमेरपासून १७-१८ किलोमीटरवरचं पालीवाल ब्राह्मणांचं गाव. एकोणिसाव्या शतकात ओस पडलं, ते पुन्हा वसलंच नाही. दोन वर्षांपूर्वी एक फोटो बघितला होता. छपरं नसलेल्या घरांच्या दोन रांगा, मधनं सरळ गेलेली गल्ली, आणि गल्लीत फक्त ऊन. तेव्हापासून डोक्यातनं जात नाही.

मी हौशी फोटोवाला. पंचगंगेचा घाट, पन्हाळ्यावरचं धुकं, दाजीपूरचं रान, म्हणजे सगळं ओलं आणि हिरवं. वाळवंट कधी बघितलेलं नाही. तर कुलधऱ्याला किती वेळ द्यावा, कुठल्या प्रहरी जावं, कॅमेऱ्यात वाळू जाऊ नये म्हणून तुम्ही काय करता? अशी आणखी गावं कुणी पाहिली असतील, देशातली किंवा बाहेरची, तर तेही लिहा. सविस्तर लिहा, मला घाई नाही.

शेवटचा प्रश्न माझा नाही, आईचा आहे. तिला कुलधऱ्याची गोष्ट सांगितली तर म्हणाली, "लोकं जिथनं रडत गेली, तिथं जाऊन फोटो काय काढायचा?" मला उत्तर देता आलं नाही.

गडवेडा | १४ नोव्हेंबर, रात्री १०:४८

२०१८ च्या डिसेंबरात जाऊन आलोय. एका दिवसात दोनदा जा. एकदा फाटक उघडल्या उघडल्या आणि एकदा चारच्या सुमाराला. दहानंतर गाड्यांची रीघ लागते, मग एक गल्ली रिकामी मिळत नाही. बहुतेक लोक फाटकाजवळची डागडुजी केलेली दोन-चार घरं आणि देऊळ बघतात, गच्चीवर सेल्फी काढतात आणि पंधरा मिनिटांत गाडीत बसतात. तुम्ही तिथं रेंगाळू नका, मागच्या अंगाला चालत जा. चारशेच्या वर घरांचे अवशेष आहेत. पाच मिनिटं चाललात की तुमच्या बुटांचा आवाज सोडून दुसरा आवाज नाही.

गोष्ट तुम्हाला ठाऊकच असेल. जैसलमेरचा दिवाण सालिमसिंह, त्याची गावातल्या एका मुलीवर नजर गेली, ८४ गावांचे पालीवाल एकत्र बसले आणि एका रात्रीत सगळी गावं सोडून गेले. जाताना शाप देऊन गेले की इथं पुन्हा कुणी नांदणार नाही. तिथल्या म्हाताऱ्या वाटाड्यानं ती सांगितली तेव्हा अंगावर काटा आला होता.

जमलं तर पुढं खाभ्यालाही जा. तेही पालीवालांचंच गाव. गढीवरनं खाली अख्ख्या गावाचा नकाशा दिसतो, आणि सकाळी मोर असतात.

तांबडा_पांढरा | १४ नोव्हेंबर, रात्री ११:१५

भावा, रात्रीचं थितं ऱ्हाणार काय? भुतं हायत म्हणत्यात. मी येतो सोबतीला, तू फोटो काढ, मी हनुमान चालिसा म्हणतो.

चौथी_खिडकी | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

तांबडा_पांढरा, संध्याकाळी फाटक बंद होतं, रात्री आत सोडत नाहीत. त्यामुळे चालिसा दिवसाच म्हणावी लागेल.

गडवेडा, गोष्ट छान सांगितलीत, पण "एका रात्रीत" याबद्दल मला लिहायलाच हवं. इतिहास शिकवते, राहवत नाही. कुलधरा एका रात्रीत रिकामं झालं नाही. १८९० च्या सुमाराला तिथं ३७ माणसं राहत असल्याची नोंद आहे. म्हणजे गाव हळूहळू, दोन-तीन पिढ्यांत विझत गेलं. विहिरी आटत गेल्या. १८५० पर्यंत पायविहीर आणि आणखी दोन खोल विहिरी एवढ्याच चालू राहिल्या होत्या. सालिमसिंह कल्पनेतला नाही, तो खरा दिवाण होता आणि त्याची करवसुली जुलमी होती. ब्रिटिश अधिकारी कर्नल जेम्स टॉड त्याच काळात राजपुतान्यात होता, त्यानंही पालीवाल देशोधडीला लागल्याचं लिहून ठेवलंय. २०१७ साली भूगर्भशास्त्रज्ञांनी तिथल्या पडलेल्या छपरांचा, तुळयांचा आणि खांबांचा अभ्यास करून भूकंपाची शक्यताही मांडली.

म्हणजे पाणी गेलं, कर वाढला, कदाचित जमीनही हलली. मला हे एका मुलीच्या गोष्टीपेक्षा जास्त दुःखाचं वाटतं. एका रात्रीत निघून जाणाऱ्यांच्यात निदान एकी असते. इथं शेजारचं एकेक घर बंद होत जाताना मागं राहिलेल्यांनी बघितलंय. रंकाळाकाठ, ते ३७ डोक्यात ठेवून फोटो काढा. शेवटी राहिलेल्यांनी रोज संध्याकाळी किती रिकाम्या दारांपुढनं पाणी आणलं असेल!

गडवेडा | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

ताई, ३७ चा आकडा मला माहीत नव्हता. आता पुन्हा जावंसं वाटायला लागलंय. पण दंतकथा अगदीच टाकून देऊ नका. आसपासच्या गावांतले लोक आजही तीच सांगतात, म्हणजे जुलूम कुठल्यातरी रूपात लोकांच्या लक्षात राहिलाय.

चौथी_खिडकी | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

हे मान्य. टाकायची नाही, तिच्या जागी ठेवायची.

स्टुडिओवाले_काका | १५ नोव्हेंबर, दुपारी १:२०

बाळ रंकाळाकाठ, चाळीस वर्षं कोल्हापुरात स्टुडिओ चालवला. जैसलमेरला तीनदा गेलो, दोनदा रोलचा कॅमेरा घेऊन. तेव्हा ३६ फोटोंत दिवस भागवायचा असायचा, त्यामुळे बटण दाबायच्या आधी माणूस पाच मिनिटं नुसता बघत उभा राहायचा. तेवढं एक माझं ऐक. पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच ठेव.

आता उजेडाचं. आपल्याकडं ढग आणि धूळ-धुकं उजेड गाळून देतात. तिथं हिवाळ्यात आकाश धुतल्यासारखं असतं, सावली सुरीनं कापल्यासारखी पडते. दगड पिवळा आहे. सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात उजेड आडवा येतो आणि भिंतीतला एकेक दगड वेगळा उठून दिसतो. त्याच भिंतीचा बारा वाजता फोटो काढलास तर पुठ्ठा दिसेल. पण दुपार वाया घालवू नकोस. छप्पर पडलेल्या खोलीत दुपारी वरनं उजेडाचा तुकडा पडतो आणि कोपरे काळे राहतात, तेव्हा घराच्या आतले फोटो काढ. एकाच फोटोत आतला अंधार आणि दारातलं ऊन दोन्ही मिळत नाही, म्हणून तिवई लावून कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो घे आणि घरी जोड. किंवा सरळ ठरव की अंधार अंधारच ठेवायचा. मी बहुतेक वेळा अंधार ठेवतो.

वाळूचं. उघड्यावर लेन्स बदलायची नाही, ही पहिली आणि शेवटची गोष्ट. दोन लेन्स असतील तर सकाळची एक, दुपारची एक, बदल गाडीत काचा वर करून. बाहेर वावरताना कॅमेरा झाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. लेन्सवर कण बसला तर फडक्यानं पुसू नकोस, ओरखडा पडलाच म्हणून समज. आधी रबरी फुग्यानं हवा मार. तोंडानं फुंकू नकोस, थुंकी उडते. तिवईचे पाय वाळूत रोवलेस तर संध्याकाळी सांधे उघडून पूस, नाहीतर दुसऱ्या दिवशी कर्रर्र वाजायला लागतील. आणि पहाटेच्या थंडीतनं गरम खोलीत आलास तर कॅमेरा लगेच बाहेर काढू नकोस. बंद पिशवीत तासभर राहू दे, नाहीतर आत घाम धरतो.

माझ्या मित्राचा कॅमेरा समच्या वाळूत पडला होता. शटर अडकलं. दुरुस्तीला दिला तर चार महिन्यांनी तसाच परत आला, आणि वर तपासणीचे पैसे घेतले. शेवटी आम्हीच टेबलावर पांढरं धोतर पसरून उघडला. एवढे एवढे कण, रव्यासारखे, गिअरच्या दातांत बसलेले. एकेक सुईनं काढला. चालू झाला.

तांबडा_पांढरा | १५ नोव्हेंबर, दुपारी १:४५

काका, पांढऱ्या धोतरावर कॅमेरा! नाद खुळा!

कोल्हापूरला त्याचं नवल न्हाई म्हणा. बाबूराव पेंटरांनी हितंच स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला.

शारजाकर | १५ नोव्हेंबर, रात्री ९:५०

मूळचा शिवाजी पेठेतला, गेली अकरा वर्षं शारजात. आमच्याकडं अशी दोन ठिकाणं आहेत, कुणी दुबईला नातेवाइकांकडं आलं तर जरूर बघा.

पहिलं अल मदाम. शारजाच्या अमिरातीतच, दुबईहून तासाभरावर. साधारण १९७० च्या दशकात फिरत्या टोळीतल्या लोकांसाठी बांधलेल्या घरांच्या दोन रांगा आणि टोकाला मशीद. वीस-एक वर्षांत लोक निघून गेले. आता दार उघडं आहे आणि वाळू आत आहे. एका घरात वाळू खिडकीच्या चौकटीपर्यंत चढलीय, वर निळ्या रंगाची भिंत तेवढी उरलीय. वाकून आत गेलात तर डोकं छताला लागतं, कारण तुम्ही जमिनीवर नाही, वाळूवर उभे असता. पहिल्यांदा गेलो तेव्हा हे लक्षात यायला मिनिटभर लागला आणि मग एकदम घाबरलो. पायाखाली कुणाची तरी बैठकीची खोली आहे.

दुसरं रास अल खैमातलं अल जझीरा अल हमरा. मोती काढणाऱ्यांचं गाव. समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांनी बांधलेल्या भिंती, जवळ गेलं की दगडात शिंपल्यांचे तुकडे दिसतात. १९६८ च्या सुमाराला तिथले लोक अबू धाबीला गेले. मोत्यांचा धंदा त्याच्या खूप आधीच बसला होता, जपानी कल्चर, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेल्या, मोत्यांनी. तिथं आता बरीच डागडुजी झालीय.

अल मदामला जाताना साधी गाडी रस्त्याच्या कडेलाच लावा. वाळूत घातलीत की रुतते. आमची रुतली होती, एका पठाणी ट्रकवाल्यानं दोर लावून काढली आणि पैसे घेतले नाहीत.

फोकस_पोकस | १६ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

मस्त धागा. माझा एक अनुभवाचा सल्ला: अशा जागी नुसत्या भिंतींचा फोटो सपाट येतो. मी सोबत जुना कंदील, तांब्याची घागर, फाटकी बाहुली असं काहीतरी नेतो आणि कोनाड्यात, दारात ठेवतो. बघणाऱ्याला लगेच गोष्ट मिळते. मागच्या फोटोला खूप दाद मिळाली.

चौथी_खिडकी | १६ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

हे मला अजिबात पटत नाही. त्या घरात कंदील नव्हता, तुम्ही आणलात. बघणाऱ्याला जी गोष्ट मिळाली ती खोटी मिळाली. पालीवालांच्या घरात रॉकेलचा कंदील कुठनं येणार?

फोकस_पोकस | १६ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

ताई, फोटो ही कला आहे, पुरावा नाही. चित्रकार नाही का मनानं घालत?

स्टुडिओवाले_काका | १६ नोव्हेंबर, दुपारी १२:५०

चित्रकारानं काढलंय हे बघणाऱ्याला माहीत असतं. फोटो बघणारा मात्र असं धरून चालतो की हे असंच होतं. त्याच्या त्या विश्वासावर आपलं पोट चाललं. कंदील ठेवायचा तर ठेव, पण फोटोखाली लिही की मी ठेवलाय. आणि जे तिथं आहे ते हलवायचं नाही, एक खापरीसुद्धा. तू फोटो काढून येशील, तुझ्या मागनं येणाऱ्याला ती खापरी जिथं पडली होती तिथंच दिसली पाहिजे.

फोकस_पोकस | १६ नोव्हेंबर, दुपारी १:३०

लिहायचं म्हणता ते पटलं काका. जुन्या फोटोंखालीही आज लिहून टाकतो.

दूरदेशी | १६ नोव्हेंबर, रात्री ११:२०

धागा वाचून राहवलं नाही. नोकरीनिमित्त काही वर्षं जोहान्सबर्गला होतो, तेव्हा नामिबियातल्या कोलमान्सकोपला गेलो. वाळवंटातल्या ओसाड गावांचा राजा म्हटलं तरी चालेल. लुडेरिट्झ नावाच्या बंदरापासून दहा-एक किलोमीटर.

१९०८ साली तिथं रेल्वेचे रूळ वाळूतनं मोकळे करणाऱ्या झकारियस लेवाला नावाच्या मजुराला एक चमकता खडा सापडला. त्यानं तो आपल्या साहेबाला, ऑगस्ट श्टाउखला दिला. हिरा होता. श्टाउख गडगंज झाला, जर्मन सरकारनं सगळा मुलूख बंद करून टाकला आणि त्या उजाड वाळूत एक जर्मन गाव उभं राहिलं. दवाखाना, नाचायचा हॉल, बर्फाचा कारखाना, स्किटल्स खेळायची जागा. दक्षिण गोलार्धातलं पहिलं एक्स-रे यंत्र याच दवाखान्यात होतं असं सांगतात. पिण्याचं पाणी लांबनं आणावं लागे, पण घरोघरी बर्फ जाई. मग दक्षिणेला, ऑरेंज नदीच्या मुखाशी, आणखी मोठे हिरे सापडले आणि लोक तिकडं सरकले. १९५६ मध्ये शेवटचे रहिवासी गेले.

लेवालाला काय मिळालं? काही नाही. मी त्या श्रीमंत घरांतनं दिवसभर फिरलो. भिंतीवर हिरवा, गुलाबी, निळा रंग, वर नक्षीची पट्टी अजून शाबूत, आणि खाली गुडघाभर, कुठं कंबरभर वाळू. दार अर्धं उघडलेलं, तेवढ्याच फटीतनं आत आलेली वाळू पंख्यासारखी पसरलेली. अतिशय सुंदर फोटो येतात, खोटं कशाला बोलू. पण मला सारखं वाटत होतं की ज्यानं खडा उचलला त्याची खोली यातली एकही नाही.

कामाच्या गोष्टी: साध्या तिकिटावर दुपारपर्यंतच आत राहता येतं. फोटोवाल्यांसाठी वेगळा परवाना आहे, त्यावर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राहता येतं. तो घ्याच. दुपारनंतर समुद्राकडनं वारा सुटतो आणि वाळू चेहऱ्याला टोचते. एखाद्या खोलीत वाळूवर पायाचे ठसे नसतील तर दारातनंच फोटो घ्या, आत पाय टाकू नका. पुढच्यालाही ती तशीच मिळेल. वाऱ्यानं ठसे बुजायला वेळ लागतो.

गडवेडा | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

दारातनंच फोटो घ्या, हे काळजात बसलं.

कृषिकन्या | १७ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

आमचं घर शिरोळ तालुक्यातलं, ऊस आणि भाजीपाला. एका ओसाड गावाचा आणि आपल्या उसाचा संबंध आहे, तो सांगते. चिलीतल्या अताकामा वाळवंटात हंबरस्टोन आणि सांता लॉरा अशी दोन गावं आहेत. जमिनीतनं सोरा, म्हणजे नायट्रेट, काढायची गावं. एके काळी जगातल्या शेतीला लागणारं नत्र तिथनं जहाजांनी जायचं. मग जर्मनीत हाबर आणि बॉश यांनी हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवायची रीत काढली आणि सोऱ्याचा भाव कोसळला. हंबरस्टोन १९६० मध्ये बंद पडलं. २००५ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. आपण उसाला युरियाची जी पोती ओततो, तो त्याच हाबरच्या रीतीचा माल. मी तिथं गेलेले नाही, पण बांधावर पोतं फोडताना कधीकधी त्या गावाची आठवण येते.

आता कुलधऱ्याचं. सगळे घरांचे फोटो काढतात. रंकाळाकाठ, तुम्ही पालीवालांचं शेत बघा. वर्षाला जेमतेम वीत-दीड वीत पाऊस पडणाऱ्या मुलखात हे लोक गहू आणि हरभरा पिकवत होते, तोही विहिरीचं पाणी न देता. त्याला खडीन म्हणतात. खडकाळ उतारावरनं पावसाचं पाणी वाहून खाली सखल जागी येतं, तिथं आडवा मातीचा बांध घालायचा. पाणी तुंबतं, मुरतं, वर गाळ बसतो. पाणी आटलं की त्या ओलीवर रब्बी पेरायची. वर एक थेंब द्यावा लागत नाही. पाचशे वर्षांपूर्वीची ही रीत, आणि जैसलमेरकडं अजून खडीनं पेरली जातात. जानेवारीत जाताय म्हणजे पीक उभं असेल. आपण एवढ्या नद्यांच्या काठावर राहून, दर दोन वर्षांनी पुरात बुडून, उन्हाळ्यात टँकर बोलावतो. मला त्या बांधापुढं हात जोडावेसे वाटतात.

रंकाळाकाठ | १७ नोव्हेंबर, रात्री ९:१५

कृषिकन्या, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिनं दोनदा वाचायला लावला. "ओलीवर हरभरा येतो, बरोबर आहे," एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. पण चेहरा बदलला होता. सगळ्यांचे मनापासून आभार. खडीन यादीत सगळ्यात वर.

कच्छी_रस्ता | १८ नोव्हेंबर, दुपारी ४:४०

कच्छमधलं लखपत कुणीच कसं लिहिलं नाही? भूजहून मोटारसायकलनं गेलो होतो. सात किलोमीटरचा कोट, आणि आत जवळजवळ काहीच नाही. बाभळी, पडके चौथरे, तुरळक घरं. नावच लखपत, म्हणजे बंदराची रोजची कमाई लाखात असायची म्हणतात. सिंधू नदीचा फाटा इथवर येत होता. १६ जून १८१९ ला भूकंप झाला, उत्तरेला जमीन लांबच्या लांब उचलली गेली, तिला अल्लाबंद म्हणतात, आणि नदीचं पाणी तिकडंच अडलं. अख्ख्या बंदराची नदीच काढून घेतली.

कोटावर उभं राहिलात की एका बाजूला रिकामं गाव, दुसऱ्या बाजूला क्षितिजापर्यंत चिखल आणि पाणी. आणि मधे एक गुरुद्वारा, तिथं रोज दिवा लागतो. गुरू नानक इथं थांबले होते. आत त्यांच्या खडावा जपून ठेवल्यात. मला तिथं चहा मिळाला. ओसाड गावात मिळालेला तो चहा मी विसरणार नाही.

तांबडा_पांढरा | १८ नोव्हेंबर, सायंकाळी ५:०५

चहाचं निघालं म्हणून इचारतो, थितं जेवायला काय? आमचा एक दोस्त राजस्थानात चार दिवसात तांबड्या रश्श्याच्या आठवणीनं निम्मा झाला.

गडवेडा | १८ नोव्हेंबर, सायंकाळी ५:३०

जैसलमेरात लाल मांस मिळतं भावा, तुझ्या तांबड्याला टक्कर देईल. केर-सांगरीची भाजी आणि बाजरीची भाकरी खा, घरी आल्यासारखं वाटेल. धाग्यावर परत येतो: फुरशापासून सांभाळा. दगडांच्या फटीत हात घालू नका. हिवाळ्यात साप कमी दिसतात, पण दुपारच्या उन्हात दगडावर येऊन पडतात. उंच बूट घाला, आणि सैल झालेल्या दगडी पाटाखाली कॅमेऱ्यातनं बघत उभे राहू नका. डोळा एकदा कॅमेऱ्यात गेला की वरचं दिसत नाही.

शारजाकर | १८ नोव्हेंबर, रात्री ८:२०

आणि ड्रोन नेऊ नका. जैसलमेर सीमेवरचा जिल्हा आहे, परवानगीशिवाय उडवलात तर ट्रिप पोलीस चौकीत संपेल.

आजोळ | १९ नोव्हेंबर, रात्री १२:१०

इतके दिवस नुसती वाचत होते. तुमच्या आईच्या प्रश्नासाठी लिहिते.

माझं आजोळ कोयनेच्या धरणात गेलं. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. आजी सांगायची, घर सोडायच्या दिवशी तिनं सकाळी उठून अंगण सारवलं. सासू म्हणाली, आता कशाला, उद्या पाणी येणार. तर ती म्हणाली, मग काय घाण ठेवून जायचं? सारवून, रांगोळी काढून, उंबऱ्यावर हळदकुंकू वाहून मग निघाली. जातं बैलगाडीत मावेना म्हणून ठेवावं लागलं. ते ठेवल्याचं तिला मरेपर्यंत वाटत राहिलं. नव्या गावात पिठाची गिरणी होती, तरी म्हणायची, माझं जातं पाण्याखाली आहे.

आमच्याकडं त्या घराचा एकही फोटो नाही. आजीला विचारायची, दार कुठल्या तोंडाचं होतं, तर ती हातानं हवेत काढून दाखवायची. एका दुष्काळात पाणी खूप खाली गेलं तेव्हा मामा तिथं गेला होता. चौथऱ्याचे दगड दिसले. त्याच्याकडं कॅमेरा नव्हता. त्या दिवशी एखादा अनोळखी माणूस तिथं फोटो काढत असता तर मामानं त्याचे पाय धरले असते.

काकूंना सांगा, रडत गेलेल्यांच्या घराचा फोटो काढायला हरकत नाही. हरकत आहे ती तिथं जाऊन भुताचे व्हिडिओ करण्याला, भिंतीवर नावं कोरण्याला. माझ्या आजीच्या घराला कुणी झपाटलेलं म्हटलं असतं तर मला सहन झालं नसतं. तिथं भुतं नव्हती, तिथं सारवलेलं अंगण होतं.

स्टुडिओवाले_काका | १९ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

पोरी, सकाळी सकाळी डोळ्यांत पाणी आणलंस.

तांबडा_पांढरा | १९ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

ताई, भुतांचं बोललो ते मागं घेतो. खरंच.

आजोळ | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:००

अहो दादा, तुमचं काही लागलं नाही. चालिसेवर मी पण हसले होते.

रंकाळाकाठ | २ फेब्रुवारी, रात्री १०:३०

मंडळी, जाऊन आलो. धागा वर काढतोय, रागावू नका. आजोळ, तुमचा प्रतिसाद आईला त्याच आठवड्यात वाचून दाखवला होता. "जा बाबा, नीट बघून ये," म्हणाली.

कुलधऱ्यात दोन दिवस मिळून सात तास. पहिला अर्धा तास काकांच्या सांगण्याप्रमाणे कॅमेरा पिशवीत. बरं झालं, नाहीतर उंबरे दिसलेच नसते. फाटकापासून लांब, डावीकडच्या एका गल्लीत चार घरं लागोपाठ आहेत. भिंती कमरेएवढ्याच उरल्यात, पण उंबऱ्याचे दगड जागेवर. प्रत्येकाच्या मधोमध खळगा, पाय पडून पडून झालेला. तीन घरांचे खळगे मधोमध होते. चौथ्या घराचा मात्र उजव्या कडेला. माझा मित्र सुतारकाम करतो, तो बघताक्षणी म्हणाला, "या घराला दोन फळ्यांचं दार असणार, आणि ही लोकं एकच फळी उघडत असणार." तिथं वाकून आडव्या उन्हात त्या चार उंबऱ्यांचे फोटो काढले. दुसरं काहीच त्या फोटोत नाही. एक फोटो काढताना भिंतीवर खडूनं लिहिलेली नावं आड येत होती, ती पुसावीशी वाटली, पण काकांचं आठवून हात लावला नाही.

वाळू कॅमेऱ्यात गेली नाही. बुटात गेली, कोल्हापूरपर्यंत आली.

खडीन. खाभ्याकडनं परतताना जीपवाल्यालाच विचारलं. तो म्हणाला, दाखवतो, तिथं कुणी फोटोवाले जात नाहीत. रस्ता सोडून थोडं आत गेलो. सगळीकडं खडक, खडक आणि मधेच हिरवागार हरभरा. डोळ्यांवर विश्वास बसेना. आधी बांध ओळखूच आला नाही, बसक्या टेकाडासारखा दिसतो. शेतात एक म्हातारे आजोबा होते. मोडक्या हिंदीत बोललो. बांध कुणाचा विचारलं तर म्हणाले, "पालीवालों का." पेरतो कोण, तर "हम." एवढंच. मग दोन डहाळे उपटून दिले. सकाळचं दव होतं, पानांवरची आंब बोटांना लागली, आणि घाटा दातानं फोडला तर ओठ आंबट झाले. अगदी आपल्या माळावर होतात तसे.

घरी आल्यावर आईला सगळे फोटो दाखवले. उंबऱ्यांपाशी ती थांबली, बराच वेळ बघत होती. हरभऱ्याच्या फोटोवर आली तेव्हा चष्मा नीट करून म्हणाली, "पाणी किती दिलंय याला?" म्हटलं, काहीच नाही, ओलीवर आलाय. तिनं फोटो बोटांनी मोठा केला, एक डहाळा पानापानानं बघितला आणि म्हणाली, "घाटे चांगले भरलेत. आठ-दहा दिवसात काढणीला येईल. निघाला काय, फोन करून विचार त्यांना."

कृषिकन्या | २ फेब्रुवारी, रात्री १०:५५

नंबर घेतलात ना?

रंकाळाकाठ | २ फेब्रुवारी, रात्री ११:०१

जीपवाल्याचा आहे. उद्या सकाळी लावतो.